मेटल डिटेक्टरसाठी नवे रिचार्जेबल सेल: पहिला चार्ज, मोजणी आणि संच लावणं

नवे सेल आणले की दुकानदार हमखास सांगतो, ‘पहिल्यांदा चोवीस तास चार्जिंगला ठेवा.’ हा सल्ला निकेल-कॅडमियम सेलच्या जमान्यातला आहे. तेव्हाचे चार्जर अगदी मंद असायचे आणि सेल भरला की नाही हे त्यांना कळत नसे. आज डिटेक्टरमध्ये घालतो ते बहुतेक सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, म्हणजे एनआयएमएच प्रकारचे असतात. त्यांना चोवीस तास लावून ठेवणं अनावश्यक आहे, आणि चुकीच्या चार्जरवर घातकही.

तरीही नव्या सेलची ‘कंडिशनिंग’, म्हणजे भरून-रिकामा करण्याच्या काही फेऱ्या, करावी, पण कारण वेगळं आहे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सेलची क्षमता थोडी वाढते, हे खरं. महिनोन्‌महिने पडून राहिल्याने ध्रुवपट्ट्यांची रासायनिक क्रिया मंदावलेली असते, ती पूर्ववत होते. पण खरा फायदा असा की त्या फेऱ्यांत प्रत्येक सेल किती पाण्यात आहे ते कळतं. डिटेक्टरमध्ये सेल एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात, आणि अशा साखळीत यंत्र किती तास चालणार हे सगळ्यात कमजोर सेल ठरवतो. चारपैकी तीन उत्तम आणि एक बसका असेल, तर तो संच बसकाच समजायचा.

आधी यंत्र पाहा

गॅरेट एस 250, गॅरेट एटी प्रो, फिशर एफ 75, मिनलॅब एक्स-टेरा 705 यांसारख्या यंत्रांत चार डबल-ए, म्हणजे आपल्याकडे ज्याला पेन्सिल सेल म्हणतात ते, लागतात. मिनलॅबच्या ई-ट्रॅकसारख्या यंत्रात आठ सेलचा होल्डर असतो. मॉलच्या किंवा देवळाच्या दारात पहारेकरी अंगावरून फिरवतात त्या हातातल्या डिटेक्टरमध्ये बहुधा 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे. मिनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्ता सिम्प्लेक्स यांच्यात लिथियम बॅटरी आतच बसवलेली असते. तिला कंडिशनिंग नावाचा प्रकार लागू होत नाही. तिला मुद्दाम पूर्ण रिकामी करणं हे उलट नुकसानीचं काम आहे. ज्यांच्याकडे ही यंत्रं आहेत त्यांनी कंपनीचा चार्जर आणि केबल वापरावी; हा लेख त्यांच्यासाठी नाही.

पेन्सिल सेलच्या आकारात सध्या चार वेगवेगळ्या गोष्टी बाजारात मिळतात आणि वरून त्या सारख्याच दिसतात, म्हणून वेष्टन नीट वाचा:

एनआयएमएच: 1.2 व्होल्ट. आपल्याला हवा तो हाच.

14500 लिथियम-आयन: आकार पेन्सिल सेलचाच, पण व्होल्टेज 3.7 आणि पूर्ण भरल्यावर 4.2. असे चार सेल म्हणजे 16.8 व्होल्ट. सहा व्होल्टच्या यंत्रात घातले तर सर्किट जळण्याचाच संभव जास्त.

1.5 व्होल्टचे यूएसबीवर चार्ज होणारे लिथियम सेल: यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारं छोटं स्विचिंग सर्किट असतं. ते विद्युत गोंगाट करतं आणि डिटेक्टर हे यंत्रच मुळात अतिसूक्ष्म सिग्नल ऐकण्यासाठी बनवलेलं आहे. परिणामी यंत्र उगाच बडबडतं, खोटे आवाज देतं. शिवाय असा सेल शेवटपर्यंत 1.5 व्होल्ट देतो आणि मग एकदम शून्यावर जातो, त्यामुळे बॅटरी संपत आल्याची सूचना मिळत नाही.

निकेल-झिंक: 1.6 व्होल्टचा, ताजा भरलेला 1.8 च्या वर. चार मिळून सात व्होल्टच्या पुढे जातात. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर घालू नये.

कुठले सेल घ्यावेत

चार सेलचा साधा डिटेक्टर साधारण 100 मिलीअँपिअरच्या आसपास वीज खातो. लाउडस्पीकर मोठा केला किंवा पडद्याचा दिवा लावला की जास्त, हेडफोन लावला की कमी. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांच्या किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या मानाने हा भार अगदी हलका आहे. म्हणून डिटेक्टरला मोठा करंट देणारे किंवा आकडा फुगवलेले सेल नकोत. पडून राहिल्यावर चार्ज टिकवणारे सेल हवेत. या प्रकाराला ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ म्हणतात. सान्योने 2005 मध्ये एनेलूप आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात, आणि इतर कंपन्याही ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं लिहून असे सेल विकतात.

1900 ते 2100 एमएएचचे (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सेल निवडा. 2500 च्या पुढचे सेल मोहात पाडतात, पण जास्त क्षमता बसवण्यासाठी आतल्या ध्रुवपट्ट्यांमधला पडदा पातळ केलेला असतो, त्यामुळे त्यांचं आयुष्य कमी फेऱ्यांचं आणि चार्ज गळण्याचं प्रमाण जास्त. काही जाडजूड सेल तर होल्डरमध्ये अडकून बसतात आणि काढताना वेष्टन फाटतं.

3000 किंवा 3500 एमएएच लिहिलेला पेन्सिल सेल दिसला तर तो आकडा खोटा आहे असं समजून चाला. स्वयंपाकघरातला किंवा दागिने तोलण्याचा छोटा डिजिटल काटा इथे मल्टिमीटरइतकाच उपयोगी पडतो. 2000 एमएएचचा अस्सल सेल 26-27 ग्रॅमचा भरतो, 2500 चा 30 च्या आसपास. 18-20 ग्रॅमच्या सेलमध्ये तेवढा माल मावणं शक्य नाही.

चार सेल लागत असतील तर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि शक्य तर एकाच पाकिटातले आठ घ्या. म्हणजे दोन संच होतात, आणि निवडीला वाव राहतो. आठ सेलच्या यंत्राला बारा घ्यावेत. जुन्या संचातला एक सेल गेला म्हणून त्या जागी एक नवा कोरा घालणं, ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. नवा सेल जुन्या तिघांना ओढत नेतो आणि त्यांतला सगळ्यात अशक्त बळी पडतो.

सेल उलटा होतो म्हणजे काय

हा भाग नीट समजला की पुढच्या सगळ्या खटाटोपाचं कारण आपोआप कळतं.

डिटेक्टर बनवणारे बॅटरी संपल्याची मर्यादा साध्या, एकदाच वापरायच्या अल्कलाइन सेलच्या हिशोबाने ठरवतात. समजा चार सेलचं यंत्र 3.8 व्होल्टला बंद पडतं. तुमच्या संचातले तीन सेल अजून 1.2 व्होल्ट देत आहेत, म्हणजे तिघांचे झाले 3.6. चौथा पार 0.2 व्होल्टला आला तरी बेरीज 3.8 भरते आणि यंत्र चालू राहतं. आठ सेलच्या यंत्रात हे आणखी वाईट. तिथे मर्यादा 8 व्होल्ट धरली, तर सात चांगल्या सेलचे 8.4 होतात, म्हणजे आठवा शून्याच्याही खाली, उणे 0.4 व्होल्टपर्यंत गेला तरी यंत्राला पत्ता नाही. बाकीच्या सात सेलचा करंट त्या रिकाम्या सेलमधून उलट्या दिशेने ढकलला जात असतो. आत वायू तयार होतो, दाब वाढला की सेलची झडप उघडते, थोडा द्रव बाहेर पडतो आणि तो सेल कायमचा अशक्त होतो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर रिकामा होतो. पाच-सहा वेळा असं झालं की सेल टाकून द्यायच्या लायकीचा राहतो, आणि मालक म्हणतो, ‘रिचार्जेबल टिकतच नाहीत.’

आठ सेलच्या यंत्रात संच जुळवणं म्हणूनच चार सेलच्या यंत्रापेक्षा जास्त महत्त्वाचं. तिथे कंटाळा करू नये.

चार्जर

प्रत्येक खणाचं काम स्वतंत्र चालणारा चार्जर हवा. स्वस्त चार्जर सेल जोडीने भरतात. दोन सेल घातल्याशिवाय दिवाच लागत नाही. जोडीतला एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्यालाही करंट खावा लागतो. ज्या कामासाठी आपण सेल निवडतोय ते कामच असा चार्जर बिघडवतो.

क्षमता मोजणारे चार्जर थोडे महाग पडतात, पण पैसे वसूल करतात. माहा पॉवरेक्सच्या एमएच-सी 9000 मध्ये आणि स्कायआरसीच्या एमसी 3000 मध्ये ‘ब्रेक-इन’ नावाचा, म्हणजे याच कंडिशनिंगचा, तयार कार्यक्रमच आहे. ओपस बीटी-सी 3100 किंवा लिटोकाला लाय-500 यांत क्षमता मोजता येते.

चार्जिंगच्या दराबद्दल थोडं. सेलची क्षमता 2000 एमएएच असेल तर 2000 मिलीअँपिअर म्हणजे ‘1 सी’, 200 म्हणजे ‘0.1 सी’. या दोन टोकांना दोन वेगळ्या पद्धती चालतात. 0.1 सी इतका मंद करंट असेल तर सेल भरल्यावरही काही तास तो सोसू शकतो, म्हणून घड्याळ लावून 14 ते 16 तासांनी बंद करायचं. 0.5 ते 1 सी असा जलद करंट असेल तर सेल भरताच त्याचं व्होल्टेज शिखर गाठून किंचित, काही मिलीव्होल्ट, खाली येतं. स्मार्ट चार्जर तो उतार ओळखून थांबतो. यालाच उणे डेल्टा-व्ही म्हणतात. गोची मधल्या दरांची आहे. 0.2 किंवा 0.3 सी ला हा उतार इतका पुसट असतो की चार्जरला तो दिसत नाही, आणि करंट मात्र सेलला भाजून काढण्याइतका असतो. ‘सेलसाठी सावकाश चांगलं’ म्हणून 500 मिलीअँपिअरवर ठेवणारे लोक नकळत याच पट्ट्यात सापडतात. 2000 च्या सेलला रोजच्या वापरात 1000 मिलीअँपिअर योग्य. साधारण सव्वादोन तासांत भरतो आणि चार्जर वेळेवर थांबतो.

सेल हातात आल्यावर

प्रत्येक सेलवर बारीक मार्करने क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहा. कागदी चिकटपट्टी लावू नका, होल्डरमध्ये सेल घट्ट होतो. मग मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून वहीत टिपा. प्री-चार्ज्ड सेल 1.25 ते 1.32 व्होल्टच्या दरम्यान सापडायला हवेत. सगळे 1.29 आणि एकच 1.18 असेल, तर त्या एकावर आतापासूनच लक्ष ठेवा. 1 व्होल्टच्या खाली असेल तर तो फार काळ पडून होता किंवा आतून गळतोय. शून्य दाखवणारा सेल दुकानदाराला परत करा. नव्या सेलवर डॉक्टरकी करत बसण्यात अर्थ नाही.

ब्रेक-इन

प्रमाणित पद्धत साधी आहे. 2000 एमएएचच्या सेलसाठी आकडे देतो. तुमच्या सेलचे त्याच प्रमाणात काढा.

1. 200 मिलीअँपिअरने 16 तास भरा.

2. एक तास नुसता ठेवा.

3. 400 मिलीअँपिअरने, म्हणजे 0.2 सी ने, 1.0 व्होल्टपर्यंत रिकामा करा. चांगल्या सेलला पाच तास लागतात. निघालेले एमएएच वहीत लिहा.

4. पुन्हा एक तास विश्रांती, आणि परत 200 ने 16 तास.

एमएच-सी 9000 ला ब्रेक-इन निवडून सेलवर छापलेली क्षमता तेवढी सांगायची. सगळं मिळून सुमारे 39 तास लागतात. पहिल्या चरणात भरताना क्षमतेच्या दीडपटीहून जास्त वीज आत जाते ही चूक नव्हे. मंद दराने भरताना बरीच वीज उष्णतेत आणि आतल्या वायूच्या चक्रात जाते, म्हणूनच 1.6 हा गुणक धरतात. तो ध्यानात ठेवला तर कुठल्याही मंद चार्जरचा वेळ काढता येतो: क्षमता गुणिले 1.6, भागिले चार्जरचा करंट. चार्जरवर 150 मिलीअँपिअर लिहिलं असेल तर 3200 भागिले 150, म्हणजे सव्वाएकवीस तास. हा हिशोब रिकाम्या सेलचा आहे, अर्धवट भरलेल्याचा नव्हे. तो 0.1 सी किंवा त्याहून मंद करंटसाठीच वापरा.

पहिल्या मोजणीत 1880 आणि दुसऱ्यात 1950 आले, तर तिसरी फेरी करा. दुसरी आणि तिसरी यांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक उरला की थांबायचं. दहा-दहा फेऱ्या करून सेल ‘पक्का’ करण्याची हौस काहींना असते. प्रत्येक फेरी सेलच्या आयुष्यातून वजा होते, आणि तिसऱ्या फेरीनंतर मिळत काहीच नाही. प्री-चार्ज्ड, ताज्या तारखेच्या चांगल्या सेलला तर एक मोजणी पुरते.

मोजणारा चार्जर नसेल तर

3.3 ओहमचा 2 वॉटचा रेझिस्टर, एका सेलचा होल्डर आणि मल्टिमीटर एवढ्यावर भागतं. 16 तास भरलेला आणि तासभर ठेवलेला सेल होल्डरमध्ये घाला, रेझिस्टर जोडा आणि वेळ टिपा. करंट साधारण 370 मिलीअँपिअर वाहतो. सुरुवातीचे चार तास पाहायची गरज नाही, व्होल्टेज 1.25 ते 1.2 मध्येच घुटमळतं. नंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी बघा. रेझिस्टर जोडलेला असतानाच 1.0 व्होल्ट दिसलं की काढून टाका. रेझिस्टर काढल्यावर व्होल्टेज परत 1.2 वर उडी मारतं, त्याला भुलून पुन्हा जोडू नका. लागलेले तास गुणिले 370 म्हणजे क्षमता. 5 तास 20 मिनिटं लागली तर सुमारे 1970.

चार सेल एकत्र टॉर्चमध्ये घालून रिकामे करणं हा शॉर्टकट मात्र वापरू नये. वर सांगितलेली उलटा होण्याची भानगड तिथेच सुरू होते. एकटा सेल रेझिस्टरवर कधी उलटा होत नाही. विसरून जास्त वेळ राहिला तरी शून्यापर्यंतच जातो.

वीज गेली तर

भारनियमनाच्या गावात 16 तासांचा सलग चार्ज हे जरा अवघडच प्रकरण. वीज जाऊन परत आली की घड्याळावर चालणारे बरेचसे चार्जर पहिल्यापासून मोजायला लागतात. बारा तास भरलेल्या सेलला पुन्हा सोळा तास लागले तर तो तापतो आणि आतला द्रव कमी होतो. त्यामुळे चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, नाहीतर वीज किती वाजता गेली ते टिपून उरलेले तासच हाताने पूर्ण करा. उणे डेल्टा-व्हीवर थांबणाऱ्या जलद चार्जरला या बाबतीत फारशी अडचण येत नाही. भरलेला सेल परत लागला तरी तो थोड्या वेळात ओळखून थांबतो.

उष्णतेचंही भान ठेवा. एनआयएमएच सेल 10 ते 30 अंशांत सर्वांत चांगला भरतो. 40 च्या पुढे गेला की वीज आत घेण्याची त्याची क्षमता घटते आणि शिखरही पुसट होतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात भर दुपारी चार्जिंग म्हणजे अर्धवट भरलेले आणि तरीही तापलेले सेल. रात्री उशिरा किंवा पहाटे लावा, चार्जरचं झाकण उघडं ठेवा, सेल गादीवर किंवा कापडावर नको. हात लावला तर कोमट लागणं ठीक. बोटं दोन सेकंदही ठेववत नसतील तर लगेच काढा.

संच लावणं

आता वही उघडा. आठ सेलचे आकडे समजा असे आले: 1985, 1960, 1990, 1890, 1975, 1820, 1900, 1880. उतरत्या क्रमाने लावले की 1990, 1985, 1975, 1960 हा पहिला संच झाला. 1900, 1890, 1880 यांच्याबरोबर 1820 बसतो, पण तो बाकीच्यांपेक्षा 60 ते 80 एमएएचने मागे आहे, म्हणजे सुमारे 3 ते 4 टक्के. एका संचातला फरक 3 टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, 5 पर्यंत चालवून घ्यावा. त्यापलीकडचा सेल भिंतीवरच्या घड्याळाला किंवा टीव्हीच्या रिमोटला देऊन टाका. तिथे तो सुखाने राहील.

क्षमता जुळली तरी एक चाचणी उरते, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. सगळे सेल पूर्ण भरा, सात दिवस कपाटात ठेवा, मग व्होल्टेज मोजा. सगळे 1.36-1.37 च्या आसपास आणि एक 1.33 असेल तर तो सेल आतून गळतोय. खात्रीसाठी त्या एकाची क्षमता पुन्हा मोजा. चांगला लो सेल्फ-डिस्चार्ज सेल आठवड्यात जेमतेम काही टक्के गमावतो. पाचवा हिस्सा गमावणारा सेल संचात नको. चार्ज केल्याच्या दिवशी हा सेल बाकीच्यांसारखाच वागतो. त्यामुळेच ‘घरी चाचणीत बरोबर, रविवारी रानात तासाभरात बंद’ अशी तक्रार येते.

संचांना ‘क’ आणि ‘ख’ अशी अक्षरं लिहा. एकदा लावलेला संच मोडू नका: एकत्र भरायचा, एकत्र वापरायचा, एकत्रच निवृत्त करायचा.

यंत्रात घालताना

होल्डरच्या स्प्रिंगा आणि पत्रे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. पांढरी-हिरवट पूड दिसली तर जुन्या सेलमधून अल्कली गळलेली असते. कापसावर व्हिनेगरचे एक-दोन थेंब घेऊन ती काढा, नंतर ओल्या कापसाने पुसून पूर्ण कोरडं करा. सँडपेपर शक्यतो नको, मुलामा निघतो आणि गंज लवकर चढतो. डिटेक्टर सतत डाव्या-उजव्या बाजूला झुलत असतो, त्यामुळे सैल स्प्रिंगने क्षणभर संपर्क सुटतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं. दोष सेलचा वाटतो, असतो स्प्रिंगचा. ती थोडी ओढून ताठ करा.

पूर्ण भरलेला संच घालूनही बॅटरीच्या खुणेत एखादी कांडी कमी दिसेल. ती खूण अल्कलाइनच्या सहा व्होल्टवर बेतलेली असते आणि आपले चार सेल ताजे असताना साडेपाचच्या आसपास, लवकरच पाचवर स्थिरावतात. यंत्राची शोधण्याची खोली त्याने कमी होत नाही. आत व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट असतं. पण एक फरक लक्षात घ्या. अल्कलाइन हळूहळू उतरतो, त्यामुळे शेवटच्या कांडीवरही बराच वेळ मिळतो. एनआयएमएच शेवटपर्यंत सपाट चालतो आणि मग कड्यावरून उतरल्यासारखा कोसळतो. शेवटची कांडी दिसली किंवा पहिली सूचना वाजली की संच बदला. यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत वापरणं ही काटकसर नाही, सेल उलटा करण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

पहिल्या एक-दोन वापरांत किती तास चालला ते लिहून ठेवा. 2000 चा संच आणि 100 मिलीअँपिअरचा भार म्हणजे वीस तास यायला हवेत. पंधराच आले तर यंत्राचा करंट मोजा किंवा संचातला प्रत्येक सेल काढल्या-काढल्या मोजा. तीन 1.2 च्या वर आणि एक 1.05 असं दिसलं की गुन्हेगार सापडला.

जाता जाता: आपल्याकडे यंत्र घेऊन कुठेही खणायला मोकळीक नाही. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. संरक्षित किल्ल्यांवर आणि पुरातत्त्व स्थळांवर तर यंत्र काढूच नये. किनाऱ्यावर हरवलेली अंगठी मालकाला शोधून देणं, विहिरीत पडलेलं अवजार किंवा शेतात पुरलेला पाइपाचा व्हॉल्व्ह हुडकणं, यात बॅटरी सत्कारणी लागते.

9 व्होल्टची चौकोनी बॅटरी

हातातल्या डिटेक्टरची ही बॅटरी म्हणजे एका डब्यात सीलबंद केलेली छोट्या सेलची साखळी. ‘9 व्होल्ट’ हे नुसतं आकाराचं नाव. आत सहा सेल असतील तर 7.2 व्होल्ट, सात असतील तर 8.4, आठ असतील तर 9.6. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. 7.2 ची बॅटरी बऱ्याच यंत्रांत ताजी असतानाच ‘बॅटरी कमी’चा दिवा लावते. 8.4 ची घ्यावी. 9.6 ची फक्त पुस्तिकेत मुभा असेल तरच.

क्षमता 170 ते 300 एमएएच, म्हणजे 200 ची असेल तर 20 मिलीअँपिअरने 14 ते 16 तास. इथे आतले सेल निवडता येत नाहीत, म्हणून सुरुवातीच्या तीन चार्जना पूर्ण सोळा तास मंद दराने भरणं फायद्याचं. आधी भरलेले सेल तेवढा मंद करंट सोसतात आणि मागे राहिलेले बरोबरीला येतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे पुन्हा करावं. सोल्डर केलेल्या कुठल्याही निकेल पॅकला हाच नियम. यंत्रात किंवा चार्जरवर आठवडाभर तसंच लावून ठेवणं मात्र टाळा.

एका यंत्रामागे दोन बॅटऱ्या ठेवा आणि पाळी बदलताना बॅटरी बदला, दिवा लागण्याची वाट पाहू नका. बॅटरी बदलल्यावर खिशातली ठरलेली एक धातूची वस्तू, दरवेळी तीच आणि तेवढ्याच अंतरावरून, तपासून पाहायची. गणपतीच्या मंडपात किंवा जत्रेत दिवसभर ‘चालू’ दिसणारं पण न वाजणारं यंत्र दारात असण्यापेक्षा नसलेलं परवडतं.

ठेवण आणि दुखणी

पावसाळ्यात डिटेक्टर माळ्यावर जातो. सेल आतच राहिले तर यंत्र बंद असूनही मिलीअँपिअरचा काही अंश खात राहतं आणि ऑक्टोबरात सेल मेलेले सापडतात. काढून, भरून, प्लास्टिकच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. कोकणात ही पुडी चैन नाही. टोकं एकमेकांना किंवा चाव्यांना लागणार नाहीत असं पाहा. सहा महिन्यांनी एक चार्ज पुरतो. उन्हात उभ्या गाडीत मात्र कधीच नको.

चार्जर नवा सेल पाच-दहा मिनिटांत ‘पूर्ण’ दाखवतो का? पडून राहिलेल्या सेलमध्ये सुरुवातीलाच एक खोटं शिखर येतं आणि चार्जर फसतो. काढा, दहा मिनिटांनी परत लावा. दोनदा असं झालं तर आधी 0.1 सी ने सोळा तासांची फेरी द्या. चार्जर सेल ओळखतच नसेल तर व्होल्टेज फार खाली गेलेलं आहे. साध्या मंद चार्जरवर पंधरा मिनिटं ठेवून 1 व्होल्टच्या वर आणा आणि मग स्मार्ट चार्जरवर घ्या. असा उठवलेला सेल डिटेक्टरच्या संचात परत घालण्याआधी सात दिवसांची चाचणी सक्तीची. इतर सेल थांबल्यावरही एकच सेल तापत राहतो, थांबत नाही, याचा अर्थ त्याचा आतला रोध वाढला आहे. तो बाद.

वर्षातून एकदा संचाची क्षमता मोजा. 2000 चा सेल 1600 च्या खाली आला की डिटेक्टरमधून काढून रिमोटला द्या, 1200 च्या खाली गेला की टाका. घरच्या कचऱ्यात नको. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनात विचारा, आणि देण्याआधी टोकांवर चिकटपट्टी लावा.